नाव वहीत लिहून ठेवा

शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी फौजी गाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आज फौजींची एक जुनी वाट पाहू, इराकच्या वाळवंटातली. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कूट गावात तुर्कांनी मराठा पलटणींना वेढलं. घोडदळ आधीच बाहेर काढलं होतं. मागं राहिलेले घोडे शेवटी मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण आली. कैद्यांना बगदाद, मोसुलच्या वाटेनं उन्हात चालवलं. कितीतरी वाटेतच गेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा फक्त आकडा. म्हणून घरात पणजोबांचं पदक असेल, तर त्यांचं नाव-गाव आजच वहीत लिहून ठेवा.