गर्भातला जीव आणि आईचा आसरा

गटाच्या बैठकीत सोनोग्राफीचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. गर्भपात आता कायद्याने बंद झाला का, हा पहिला. आणि पोटातला जीव तो जीवच, मग मुलगी असो की आजारी बाळ, तो पाडणं पाप नाही का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे, ते शेवटी सांगू. दुसऱ्यावर मात्र डॉक्टर, शास्त्रज्ञ, धर्माची माणसं आणि बायका कितीतरी वर्षं वाद घालत आहेत. आज त्या वादाची गोष्ट ऐकू या.

सुरुवात आपल्या पुण्यातून. त्या काळी ब्राह्मण विधवेचं केशवपन करायचे, तिला दुसरं लग्न करू द्यायचे नाहीत. अशा बाईला फसवून कुणी दिवस घालवले, तर फसवणारा नामानिराळा राहायचा. तिच्यापुढे मात्र गर्भ पाडणं, जन्मलेलं मूल टाकणं किंवा विहीर जवळ करणं एवढंच उरायचं. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. इथे ये, गुपचूप बाळंत हो, मूल न्यायचं तर ने, ठेवायचं तर ठेव, अशी तिथली रीत होती. पुढे काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला. तोच यशवंत मोठा होऊन डॉक्टर झाला. बाळाचा जीव वाचावा म्हणून फुल्यांनी आईला आधी आसरा दिला. तिला गुन्हेगार ठरवलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा लांब जाऊ, फ्रान्स देशातल्या पॅरिसला. कारण आपल्याकडे ज्या तपासणीने पुढे एवढा गोंधळ घातला, तिच्यामागचं शास्त्र तिथे घडत होतं. काही मुलं जन्मतःच वेगळी असतात. चेहरा थोडा चपटा, डोळे तिरके, शिकणं सावकाश. याला आज डाऊन सिंड्रोम म्हणतात. पूर्वी लोक आईबापाच्या वागण्यात खोट काढायचे, आईला नावं ठेवायचे. 1959 साली जेरोम लेजन, मार्त गोतिए आणि रेमों तुर्पें यांनी याचं खरं कारण जगापुढे मांडलं. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, या मुलांच्या पेशीत 47. एकविसाव्या जोडीत एक जास्तीचं. यात आईचा काहीच दोष नाही. पेशी वाढवण्याचं मूळ काम मार्त गोतिए या बाईने केलं होतं, पण नाव गाजलं ते लेजन यांचं.

लेजन दवाखान्यात याच मुलांना तपासायचे. या शोधातून औषध निघेल अशी त्यांना आशा होती. पण काही वर्षांतच डॉक्टरांना गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून त्यातल्या पेशींची गुणसूत्रं मोजता येऊ लागली. हेच गर्भजल परीक्षण. बाळात असा दोष दिसला की पुष्कळ ठिकाणी इलाज एकच सुचवला जायचा, गर्भपात. लेजन अस्वस्थ झाले. 1969 साली अमेरिकेत त्यांना मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी तिथल्या तज्ज्ञांसमोरच याला विरोध केला. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. पण ते बोलायचे डॉक्टर म्हणून. गर्भ राहिला त्या क्षणापासून माणूस आहे, आणि औषधशास्त्राने आजार घालवावा, आजाऱ्याला नव्हे, अशी त्यांची भूमिका. 1975 साली फ्रान्समध्ये गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला, त्यालाही त्यांनी विरोध केला. 1994 साली ते वारले.

त्यांचं सगळं आम्हाला पटतं असं नाही. त्यांच्या मांडणीत गर्भ दिसतो, त्याला नऊ महिने वागवणारी बाई मात्र पुरेशी दिसत नाही. तरीही त्यांचा एक प्रश्न सुटत नाही. तपासणी बरं करायला आहे, की कुणी जन्मावं हे ठरवायला?

हा प्रश्न आपल्या दारात आला तो मुलीच्या रूपाने. आपल्या देशात पूर्वी गर्भपात हा गुन्हाच होता. बायका लपूनछपून नको ते उपाय करायच्या आणि जिवाला मुकायच्या. म्हणून महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 1971 साली ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला. थोड्याच वर्षांत दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गर्भजल परीक्षण आलं. आलं ते आनुवंशिक आजार शोधायला. पण त्याच गुणसूत्रांवरून मुलगा की मुलगी हेही कळतं. सरकारी दवाखान्यांत लिंग सांगायला बंदी झाली, तसा तो धंदा खासगी दवाखान्यांत गेला. आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड झळकू लागल्या.

ऐंशीच्या दशकात मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते याविरुद्ध एकत्र आले. 1988 साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा कायदा केला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. 1994 साली तसाच कायदा सगळ्या देशासाठी झाला. तरी कागद कपाटातच राहिला, म्हणून सेहत आणि मासूम या आपल्या राज्यातल्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2001 साली न्यायालयाने सरकारांना कामाला लावलं. 2003 पासून गर्भधारणेपूर्वीची लिंग निवडही कायद्याखाली आली.

हे सगळं करूनही आकडे बघा. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या. 2001 साली 913, आणि 2011 साली 894. बीड जिल्ह्यात तर 807.

या लढ्यात बायकांपुढे मोठा पेच होता. पोटातली मुलगी वाचवा म्हणताना गर्भपात म्हणजेच खून असं म्हणायचं का? तसं म्हटलं, तर अत्याचारातून दिवस राहिलेली पोरगी, पाचव्या खेपेला शरीर खचलेली बाई, सगळ्याच खुनी ठरतात. म्हणून पुष्कळ संघटना ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द टाळतात आणि ‘लिंग निवड’ म्हणतात. त्यांचा विरोध मुलगी नको म्हणून निवडण्याला आहे, गर्भपाताच्या सोयीला नाही. गर्भातला जीव कुठल्याही कारणाने पाडू नये असं मानणाऱ्यांना ही वाट अर्धवट वाटते. आपल्या गटातही तसं मानणाऱ्या बहिणी आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवू या. पण आपली श्रद्धा दुसरीच्या देहावर लादायची नाही, एवढं त्यांनीही मानावं.

लेजन यांचा प्रश्न अजून तसाच आहे. बाळात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो, असं 2021 च्या दुरुस्तीत आहे. अपंग बहिणी विचारतात, आमच्यासारखं कुणी जन्मूच नये असं तुम्हाला वाटतं का? यावर मान खाली घालून चालणार नाही. अशा मुलाला शाळा नाही, आईला पेन्शन नाही, सगळा भार तिच्या एकटीवर. अशा वेळी तिने काय ठरवावं हे आपण ओट्यावर बसून सांगू नये. पण ज्या घरात असं मूल आहे, तिथे आपला गट किती वेळा गेला, हे मात्र मोजू या.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. गर्भपात बंद झालेला नाही. कायद्यातल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त दवाखान्यात, नोंदणीकृत डॉक्टरांकडे तो करता येतो. बाई अठरा वर्षांवरची असेल तर कायद्याला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. गुन्हा आहे तो मुलगा की मुलगी हे विचारणं, सांगणं आणि त्यावरून निवड करणं. त्यातही कायदा असं धरून चालतो की बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असणार.

आपल्या गावात एखादी अशा पेचात सापडली, तर तिच्या पाप-पुण्याचा हिशोब मांडण्याआधी तिच्या शेजारी जाऊन बसा. पुण्यातल्या त्या घराचं दार दीडशे वर्षांपूर्वी असंच उघडलं होतं.