रुमालाखालचा भाव

शेतमालाचा भाव एके काळी तोंडाने ठरत नसे, बोटांनी ठरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबीत. आणि ज्याचा माल, तो शेतकरी बिचारा शेजारी उभा राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडे पाहत राही! शाही शेतकी आयोगाने १९२८ साली नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला, मुंबई इलाख्यात १९३९ साली तसा कायदा झाला, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६३ साली आला. उघड लिलाव रूढ झाला. पुढे रेडिओने बाजारभाव ओसरीवर आणून सोडले.

२००७ साली तर भाव थेट शेतकऱ्याच्या खिशात शिरला. 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा महाराष्ट्रात निघाली. मोबाईलवर मराठीतून बाजारभाव आणि हवामान येऊ लागले. पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्याला आता कोण नाडणार, असे वाटण्याजोगाच तो काळ होता. केरळातून बातमीही तशीच आली होती. १९९७च्या जानेवारीत तिथे बडगऱ्याच्या किनाऱ्यावर कोळी गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देत होते, आणि पंधरा किलोमीटरांच्या आत गिऱ्हाइके रिकाम्या हातांनी परतत होती. फोन आले, ही नासाडी थांबली. रॉबर्ट जेन्सन यांनी हिशेब मांडला: कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, मासळी ४ टक्क्यांनी उतरली.

मग आपल्याकडे? मार्सेल फाफशाम्प व बार्ट मिन्टेन यांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत ती सेवा काही शेतकऱ्यांना वर्षभर फुकट देऊन पाहिली. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही!

मला याचे फारसे नवल वाटले नाही. होडी समुद्रात असते. तिला किनारा बदलता येतो. टोमॅटोचे क्रेट एकदा गावच्या टेम्पोत चढले, की तो टेम्पो सगळ्यांचा. एकट्याच्या निरोपावरून तो वाट बदलत नाही. शिवाय बियाण्याच्या वेळी ज्या गाळ्यावरून उचल घेतली, तो गाळा सोडून दुसऱ्याकडे जायचे कोणत्या तोंडाने? भाव पडलेला कळला तरी माल रात्रभर थांबवायला जागा नाही, आणि टोमॅटोला धीर नाही. श्रीमंताला बातमी उपयोगी पडते ती त्याला थांबता येते म्हणून.

खिशाला जाणवेल असा फेर झाला तो मोबाईलमुळे नव्हे. जुलै २०१६मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असे कायद्याने ठरले. शेतकऱ्याच्या पट्टीवरून अडतीची ओळ निघाली. हमाली आणि गाडीभाडे मात्र राहिले.