जुन्या मोटारीचे मोल

श्रोते हो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला भरणारा जनावरांचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खिलार बैलाची किंमत कशी ठरते, हे प्राध्यापकाने तुम्हांला शिकवावे असे नाही. दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. मग हेडी रुमालाखाली हात घालतो आणि बोटांवर सौदा होतो. पण समजा, बैल जुळून कैक वर्षे झाली, नांगराला निरुपयोगी झाला. त्याला कोणी तरण्या बैलाच्या शंभरपट पैसे मोजील का? नाही मोजणार. जनावराचे मोल कामाशी बांधलेले असते. मोटारीचेही बहुतेक तसेच. दुकानातून बाहेर पडली की किंमत उतरू लागते आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर येऊन थांबते. काही थोड्या मोटारी मात्र अशा, की त्यांची किंमत तळाला जाते आणि तिथून उलटी चढू लागते. ती कशाने चढते, ते आज पाहू या.

या गोष्टीचा एक धागा आपल्या सोलापुरातून जातो. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी १९४७ पासून जोडल्या जाऊ लागल्या. पुढे तिथे फियाट आली, तिचीच पद्मिनी झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. पण डॉज आणि प्लिमथ हीच नावे अमेरिकेत १९६० नंतर एका निराळ्याच जातीच्या गाडीवर झळकली.

त्या जातीला ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवानी गाडी म्हणू. अंगकाठी मध्यम, पण छातीत मोठ्या गाडीचे इंजिन. १९६४ सालची पाँटियाक जीटीओ ही या जातीची पहिली गाडी असे बहुतेक मानतात. तरुणांना तिने वेड लावले. पण हे वेड फार टिकले नाही. १९७० साली धुराविरुद्ध कायदा आला, विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौस संपवली. पेट्रोल पिणारे हे पैलवान मग मिळेल त्या भावाने विकले गेले. कित्येक ठोकरून मोडले, कित्येक भंगारात गेले.

आता गंमत पाहा. १९७१ सालची प्लिमथची ‘कुडा’ नावाची गाडी, टप उघडणारी. तिला ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन हवे असेल, तर गाडीच्या मूळ किमतीच्या जवळजवळ पाव हिश्शाइतके पैसे वर मोजावे लागत. शहाणी गिऱ्हाइके मागे सरली. त्या साली अशा गाड्या बनल्या अवघ्या ११. त्यांतली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरांना गेली! त्या दिवशी गिऱ्हाइकांनी नको म्हटले, म्हणूनच आज ती एवढी महाग. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात हसू आल्यावाचून राहत नाही.

पण नुसते दुर्मीळ असून भागत नाही. दुर्मीळ म्हणून कोणी मोडका चुलाणा लाखाला घेत नाही. वस्तूची ओढ असणारा माणूस हवा, आणि त्याच्या हाती पैसा हवा. विशीत जी गाडी दुसऱ्याच्या दारात पाहून उसासे टाकले, तीच पन्नाशीत विकत घेणारी पिढी या बाजारामागे आहे. तिचा हात आखडला की भाव पडतात. २००८ च्या मंदीनंतर तसे पडलेही.

मग येतो अस्सलपणाचा प्रश्न, आणि माझ्या मते सारा बाजार इथेच अडतो. साध्या गाडीत हेमी इंजिन बसवून ती अस्सल म्हणून विकणारे काही कमी नाहीत. म्हणून जाणकार आधी क्रमांक पाहतो. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाडीक्रमांकात पाचवे अक्षर इंजिनाची जात सांगते; हेमी असेल तर ‘आर’. इंजिनावरचा आकडा गाडीच्या आकड्याशी जुळला पाहिजे, कारखान्याचा कागद असला तर दुधात साखर. रंग चकचकीत असलाच पाहिजे असे मुळीच नाही. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली घेतली होती. रंग विटलेला, पत्रा जागोजाग मार खाल्लेला. कॅमेऱ्यासाठी खाली जोडलेले लोखंड तसेच, आणि गाडी परत मागणारे खुद्द मॅक्वीनचे पत्र घरात जपलेले. २०२० च्या जानेवारीत तिच्यावरची बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. तिला कोणी हौसेने नवा रंग दिला असता, तर त्याच रंगाखाली निम्मी किंमत पुरली गेली असती, असे मला वाटते.

आपल्याकडे नेमके उलटे होत आले. पेट्रोल महागल्यावर जुन्या अमेरिकन मोटारींची मूळ इंजिने काढून डिझेलची बसवली, कोणी त्या वडापाला लावल्या. पोटासाठी केले, त्यात दोष कसला? पण २०२१ सालच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते ती पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच. पद्मिनीला अजून तेवढा भाव नाही, कारण तिची संख्या उदंड. मात्र मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा निरोप द्यायला लोक जमले होते. पुढे काय होते ते पाहावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका बागायतदाराने मला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत नेले. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारल्या, तर खाली प्लिमथ! आजोबांनी घेतलेली, कुर्ल्याचीच. नाकावरचे गलबताचे चिन्ह शाबूत. “हिचं काय येईल, सर?” त्यांनी विचारले. मी बॉनेट उघडायला लावले. आत ट्रॅक्टरवाल्याने बसवलेले डिझेल इंजिन होते. मूळ इंजिन मोडीत गेले होते, किलोच्या भावाने. कागदपत्रांची चौकशी केली, तेव्हा आतून त्यांच्या आई म्हणाल्या, “ती जुनी पिवळी कागदं व्हय? दिवाळीला बंबात घातली की.”