वीरपत्नीच्या हक्काचे पैसे : कोणते, कुठून आणि कोणत्या कागदांवर

सैनिकाचे पार्थिव गावी येते, सलामी दिली जाते, पुढारी आश्वासने देऊन निघून जातात. मागे उरतात तरुण पत्नी, थकलेले आईवडील आणि कागदांची पिशवी. कपिलधारसारख्या बालाघाटाच्या डोंगरातील गावातून एका सहीसाठी मांजरसुंब्यामार्गे बीड गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कुटुंबांना आणि वस्तीतील कार्यकर्त्यांना हाताशी राहील अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासूनच नव्हे, तर त्याआधीपासून आपल्या समाजाने फौजेला माणसे दिली आहेत. त्या माणसांच्या घरच्यांना मिळणारा पैसा ही कुणाची मेहेरबानी नाही.

आधी वर्गवारी तपासा

‘शहीद’ हा शब्द भाषणात असतो. लष्कराच्या कागदात नसतो. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशी नोंद होते आणि पुढचे सारे या नोंदीवर ठरते.

- शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू : उदारीकृत कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराइतकी.
- सेवेमुळे झालेला अपघात वा आजार : विशेष कुटुंब पेन्शन, पगाराच्या ६० टक्के.
- सेवेत असताना, पण सेवेशी संबंध नसलेला मृत्यू : सामान्य कुटुंब पेन्शन, पहिली १० वर्षे ५० टक्के आणि नंतर ३० टक्के.

नोंद चुकीची वाटली तर गप्प बसू नये. रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील करता येते. तिथे न्याय न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जुलै २०२५ मध्ये ‘नालसा’ने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे.

एकरकमी मदत

केंद्राचे सानुग्रह अनुदान १ जानेवारी २०१६ पासून असे आहे : कर्तव्यावरील अपघात किंवा अतिरेकी हिंसा, २५ लाख, सीमेवरील चकमक किंवा अतिउंच ठाण्यावरील नैसर्गिक आपत्ती, ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत, ४५ लाख रुपये. याशिवाय आर्मी ग्रुप इन्शुरन्स, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळतात. लढाईतील मृत्यू असेल तर बॅटल कॅज्युअल्टी निधीतून ८ लाख रुपये मिळतात. पगाराच्या बँक खात्यावर अनेकदा अपघात विमा असतो. तो मागितल्याशिवाय मिळत नाही आणि त्याला मुदत असते, म्हणून बँकेत लवकर विचारावे. लढाईत मृत्यू आलेल्या सैनिकांना महाराष्ट्र शासनाकडून १ कोटी रुपये दिले जातात.

अग्निवीरांचे वेगळे गणित

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचिनमध्ये कर्तव्यावर मृत्यू झाला, तेव्हा हा फरक महाराष्ट्राला प्रथम दिसला. अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, कर्तव्यावरील मृत्यूसाठी ४४ लाखांचे अनुदान, सेवानिधी आणि चार वर्षांतील उरलेल्या काळाचा पगार मिळतो; पण कुटुंब पेन्शन मिळत नाही. दरमहा काही येणारच नसेल, तर एकरकमी पैसाच आयुष्यभर पुरवावा लागतो. धोका तोच आणि मरणही तेच असताना हा भेद आम्हाला अन्यायकारक वाटतो.

बीडमध्ये कुठे जायचे

पहिला मुक्काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. वीरपत्नीचे ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्ज येथूनच होतात. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना दरमहा ३,००० व मुलांना २,५०० रुपये मिळतात. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या कुटुंबांसाठी मुलीच्या लग्नाचे साहाय्य नोव्हेंबर २०२५ पासून १ लाख रुपये झाले आहे. सैनिक विधवांना घरपट्टीत सूट देणारी राज्याची योजना २०२० पासून आहे. तिचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा. पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीतून येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर ती थांबते.

आपल्या घरांत अडणारे कागद

विहारात बौद्ध पद्धतीने लग्न लागते आणि नोंदणी राहून जाते. मग दावा तिथेच अडतो. लग्नाची नोंदणी करून ती युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसला कळवावी; मुलांच्या जन्माचेही तसेच करावे. आधार, शाळेचा दाखला आणि सेवापुस्तक यांत नाव एकसारखे असावे. लग्नानंतर नॉमिनी बदलण्याचे काम जवानाने सुट्टीत आल्यावरच उरकावे.

वारसाहक्काबाबत बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू आहे. त्यानुसार पत्नी, मुले आणि आई यांचा वाटा समान असतो. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत. पेन्शनवर मात्र पहिला हक्क पत्नीचा. सासर-माहेरच्या भांडणाचे मूळ बहुधा हा फरक न समजण्यात असते. पुनर्विवाह केला की पेन्शन बंद होते, ही भीतीही दाखवली जाते. विशेष कुटुंब पेन्शनमध्ये पुनर्विवाहानंतरही मुलांचा सांभाळ करणाऱ्या पत्नीची पेन्शन चालू राहते. तेव्हा दिरासोबत लग्न लावण्याचा दबाव कुणी आणू नये.

पैसा हाती आल्यावर

पहिले सहा महिने मोठा निर्णय नको : प्लॉट नको, उसनवारी नको, कोऱ्या कागदावर सही नको. कर्ज असेल तर आधी फेडावे, मुलांच्या शिक्षणाची रक्कम वेगळी ठेवावी, आईवडिलांचा महिन्याचा खर्च लेखी ठरवावा. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक संकटकाळासाठी. जलदान विधी साधेपणाने करावा. पुण्यानुमोदनाला मंडपाची गरज नसते.

प्रत्येक विहाराने दोन शिकलेली माणसे या कामासाठी नेमावीत, असे आम्ही सुचवतो. त्यांनी वीरपत्नीसोबत कार्यालयात जावे, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि व्यवहार तिच्याच हाती ठेवावा. पुतळ्याची वर्गणी नंतरही गोळा करता येईल.

जय भीम!