पंचातले पाच जिन्नस आणि पंधरा कर्मादानं



गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, ऑफिसच्या मैत्रिणी घरी येणार आहेत. त्यांना कॅरिबियन पद्धतीचा रम पंच करायचाय. मी सांगून टाकलंय, माझ्या घरात रम येणार नाही, बाकी सगळं तसंच करू. तर रमच्या जागी काय घालू?"

पोरीने व्रत सांभाळलं याचा आनंद झाला. पण पंच म्हणजे नेमकं काय, हे मलाच माहीत नव्हतं. "दोन दिवस थांब," म्हटलं आणि वाचायला बसले. जे वाचलं ते घरच्या चहासाखरेपर्यंत येऊन पोचलं, म्हणून इथे लिहिते आहे.

पहिली गंमत नावाची. पंच हा शब्द आपल्याच 'पाच'वरून गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे पाच जिन्नस. (काहीजण तो एका प्रकारच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असं म्हणतात.) १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला होता. तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांकडे दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालून केलेलं पेय पितात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे १६७० च्या दशकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर या किनाऱ्यावर हिंडला. गोव्यातल्या नेरूळची दारू उत्तम आणि तिच्यापासून इंग्रज 'पंच' करतात, हे नाव इथल्या भाषेतल्या पाच या आकड्यावरून पडलं, अशी नोंद त्याच्या पुस्तकात आहे. म्हणजे पंच कॅरिबियन बेटांवर जन्मला नाही, तो इथून तिकडे गेला.

तिकडे गेल्यावर त्यात नारळीच्या माडीच्या दारूऐवजी रम आली. बार्बाडोस बेटावर इंग्रजांनी १६२७ मध्ये वस्ती केली आणि १६४० च्या दशकात तिथे उसाचे मळे उभे राहिले. उसाचा रस आटवून साखर काढली की खाली काळा, चिकट पदार्थ उरतो. आपल्याकडे कारखान्यात त्याला मळी म्हणतात, इंग्रजीत मोलॅसिस. तीत पाणी घालून आंबवायचं आणि भट्टीवर अर्क काढायचा, ती रम. बेटांवर पंचाचं माप अजून ठरलेलं आहे. एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पाणी, आणि वरून किसलेलं जायफळ.

आपल्यापुरता 'कडक' भागाचा निकाल सोपा आहे. मद्य ही महाविगई, सप्त कुव्यसनांतलं एक. आंबवलेल्या रसात अगणित जीव उपजतात, आणि पिणाऱ्याचं भानही जातं. इथपर्यंत मला नवीन काही नव्हतं. पण मी वाचत राहिले आणि 'गोड' भागापाशी अडले.

बेटांवरचा ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी लावला, तोडला आणि गाळला. सुमारे साडेतीनशे वर्षांत अटलांटिक समुद्रापार जाणाऱ्या जहाजांत सव्वा कोटीच्या आसपास माणसं कोंबली गेली. त्यांतली अठरा लाखांच्या वर वाटेतच मेली. रम त्या व्यापाराचंच एक चलन होतं. रमची पिंपं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसं विकत घेतली जात. साखरेच्या हंगामात चरक रात्रंदिवस चाले. झोपेच्या गुंगीत ऊस घालताना लाटांत हात सापडला, तर तो तोडायला कुऱ्हाड जवळ ठेवलेली असे.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला बसले. सातव्या व्रताच्या अतिचारात पंधरा कर्मादानांची नावं येतात. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते आहे, जीभ आपोआप चालते. त्या दिवशी जीभ अडखळली. रसवाणिज्जे, म्हणजे मद्यासारख्या रसांचा व्यापार. केसवाणिज्जे, म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची खरेदीविक्री. यात दासदासीही आले. जंतपीलणकम्मे, म्हणजे यंत्रात घालून पिळण्याचा धंदा. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात याचा अर्थ सांगताना तीळ आणि मोहरीबरोबर उसाचंही नाव घेतलं आहे. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांपैकी तीन एका रमच्या पिंपात एकत्र आले होते. आणि त्यांतला एक तर साखरेच्या डब्यातही होता.

साखरेचा हा हिशेब इंग्लंडातल्या बायकांनी एकदा मांडला होता. १७९१ मध्ये तिथल्या संसदेने गुलामांचा व्यापार थांबवायचा ठराव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढलं: साखर घेणाराही या पापात वाटेकरी आहे. घराघरांत साखर बंद झाली. सुमारे तीन लाख माणसांनी ती सोडली, असा त्या चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता. संसदेत बायकांना मत नव्हतं, पण चहात साखर घालायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. आपण ज्याला विगईत्याग म्हणतो, तेच त्यांनी न्यायासाठी केलं. नंतर 'गुलामांनी न केलेली ईस्ट इंडियाची साखर' असं लिहिलेली साखरेची भांडीही विकायला आली. म्हणजे आपल्याकडची साखर निर्दोष ठरली! ती करणाऱ्या मजुराच्या हाती काय पडतं, हे मात्र भांड्यावर लिहिलेलं नव्हतं.

ब्रिटिश राज्यात गुलामी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये. मळे चालू ठेवायला माणसं हवीच होती. मग करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले, तेच गिरमिटिये. १८३८ पासून गयानाला, १८४५ पासून त्रिनिदादला. मॉरिशसला तर १८३४ पासूनच जहाजं लागत होती, आणि तिथे उसाच्या फडात कोकणातली मराठी माणसंही गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

आणि बीड? आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला किती माणसं ऊसतोडीला जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. गाडी, टोळी, मुकादम, उचल हे शब्द इथल्या पोरासोरांना ठाऊक आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याने तोडायचं, तिने मोळी बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. रात्री कोपीत झोपायचं. एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा, म्हणजे दंड. ही गुलामी नाही. कुणी कुणाला विकत घेत नाही, आणि दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणं त्या मेलेल्या माणसांवर अन्याय होईल. पण आधी उचल आणि मग ती फिटेपर्यंत अंगमेहनत, हे गिरमिटाच्या फार लांबचंही नाही.

माझ्याकडे भांडी घासायला येणारी ताई दरवर्षी दसऱ्याला जाते आणि पाडव्याच्या सुमारास येते. जाताना मी तिला हळद-तिखट बांधून देते, येताना ती माझ्यासाठी दोन ऊस आणते. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली होती; त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. लहान वयातली लग्नं, फडावर ना पाणी ना आडोसा, दुखणं अंगावर काढणं, खाड्याची भीती, अशी कितीतरी कारणं. तो आकडा मी तेव्हा पेपरात वाचला होता आणि 'अरेरे' म्हणून पान उलटलं होतं. आता पुन्हा समोर आला, तेव्हा मी ताईला विचारलं.

ती भांडं विसळत म्हणाली, "भाभी, माझं तर कवाच काढलं. धाकटा तीन वर्षांचा होता."

सहा वर्षं ती माझ्या घरात येते आहे. पाणी गाळून पिणारी, मुंगी दिसली तर फुंकर घालून बाजूला करणारी मी, मला हे माहीत नव्हतं. त्या आठवड्यात तिला घेऊन दवाखान्यात गेले. कमी वयात हे ऑपरेशन झालं की हाडांची काळजी घ्यावी लागते, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या चालू आहेत, पुढची तपासणी ती दसऱ्याला निघायच्या आधी करायची आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं आणि पंचही सांगितला. एक वाटी लिंबाचा रस, तीन वाट्या डाळिंबाचा रस, चार वाट्या गाळलेलं माठातलं पाणी, चमचाभर गुलाबपाणी, वरून जायफळ. गुळाचा पाक दोन वाट्यांऐवजी एकच. डाळिंब गोड असतं, पुरतो. बर्फ नको, आलं नको. रेसिपीत अँगोस्टुरा बिटर्सचे थेंब सांगतात, ते घालू नको. त्यात जवळजवळ ४५ टक्के अल्कोहोल असतं. लाल सिरपच्या बाटलीवर ई १२० दिसलं तर ठेवून दे, तो रंग किड्यांपासून करतात. आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना देऊन टाक.

तिने केला. छान झाला म्हणे. एका मैत्रिणीने विचारलं, गोड कमी का? तर तिने ताईची गोष्ट सांगितली.

मी साखर पूर्ण सोडलेली नाही, खोटं कशाला सांगू. अष्टमी-चतुर्दशीला गोडाची विगई बंद केली आहे. त्या दिवशी बिनसाखरेचा चहा पिताना फडावरची बाई आठवते, आणि जंतपीलणकम्मे म्हणताना आता मी थांबते. तुमच्याकडेही कुणी कोयत्याला जाणारी येत असेल. ती निघायच्या आधी एकदा तिच्यापाशी बसून बघा.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मिच्छामि दुक्कडं.