कापराची काजळी ते पुंजवाहकता : अतिसूक्ष्म तारांतील विद्युत्‌वहनाच्या अभ्यासाचा इतिहास आणि महाराष्ट्र

प्रस्तावना :

अक्कलकोटच्या वटवृक्ष स्वामी समर्थ मंदिरात आरतीच्या वेळी कापूर पेटविला जातो. कापूर जळून गेल्यावर मागे काही उरत नाही, या समजुतीतून त्याला धार्मिक अर्थ प्राप्त झाला आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत पूर्णतः खरी नाही. कापराच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे 10 अणू असतात आणि ऑक्सिजन अपुरा पडला की त्यांतील काही कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. देव्हाऱ्याच्या कोनाड्यावर साचणारी काळी पुटे त्याचीच साक्ष देतात. याच कापरापासून विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत कार्बनची नवी रूपे तयार करण्यात आली. त्यांपैकी कार्बनच्या नॅनोनलिकांनी विद्युत्‌रोधाविषयीच्या रूढ कल्पनेची कठोर परीक्षा घेतली. या विषयाचा जागतिक इतिहास संक्षेपाने मांडणे, त्यातील महाराष्ट्राच्या सहभागाचे स्वरूप तपासणे आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयांना त्यात कोठे स्थान आहे याचा विचार करणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत.

ओहमच्या नियमाची मर्यादा :

जॉर्ज ओहम याने 1827 मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार तारेची लांबी निम्मी केली की तिचा रोध निम्मा होतो. धातूतून जाणारे इलेक्ट्रॉन अशुद्धी व अणूंची कंपने यांमुळे वारंवार विखुरले जातात, हे त्याचे कारण होय. परंतु दोन विखुरणांमधील सरासरी अंतरापेक्षा तारच आखूड असेल तर काय घडेल? इलेक्ट्रॉन वाटेत कोठेही न अडखळता पलीकडे जाईल. मग रोध शून्य व्हावयास हवा.

या प्रश्नाकडे पाहण्याची नवी दृष्टी आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी 1957 मध्ये दिली. वाहकता म्हणजे इलेक्ट्रॉनतरंग तारेतून पलीकडे जाण्याची संभाव्यता, असा तिचा आशय होता. या विचाराच्या पुढील विकासातून असे स्पष्ट झाले की, तार कितीही निर्दोष असली तरी रोध शून्य होत नाही. रुंद धातूतील असंख्य इलेक्ट्रॉनांना तारेतील मोजक्याच मार्गिकांमध्ये शिरावे लागते. म्हणून उरलेला रोध तारेत नसून जोडांवर असतो. एका मार्गिकेची कमाल वाहकता इलेक्ट्रॉनच्या भाराच्या वर्गाची दुप्पट भागिले प्लांकचा स्थिरांक एवढी असते. रोधाच्या भाषेत हे मूल्य सुमारे 12,906 ओहम होते. त्यात धातूचा प्रकार किंवा तारेची लांबी यांना स्थान नाही.

1988 मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट व इंग्लंडमधील केंब्रिज येथील दोन गटांनी अर्धवाहकातील अरुंद वाटेची वाहकता मोजली. वाट रुंद करीत नेली असता वाहकता सलग न वाढता याच मूल्याच्या पायऱ्यांनी वाढली. पुढे 1998 मध्ये सोन्याच्या एकामागे एक अणू असलेल्या साखळीचीही वाहकता जवळपास एका पायरीएवढी आढळली.

नॅनोनलिका आणि जोडांचा प्रश्न :

जपानमधील सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये बहुभिंती नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकभिंती नलिका 1993 मध्ये ज्ञात झाल्या. एकभिंती नलिकेचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग असतो. कार्बनची एका अणूच्या जाडीची जाळी कोणत्या कोनात गुंडाळली आहे यावर नलिका धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे ठरते. सर्व प्रकार सारख्या प्रमाणात तयार झाल्यास सुमारे एकतृतीयांश नलिका धातुसदृश असतात. धातुसदृश नलिकेत दोन मार्गिका असल्याने तिचा किमान रोध सुमारे 6,453 ओहम असला पाहिजे.

1997 मध्ये डेल्फ्ट येथील सीस डेकर यांच्या गटाने एकच नलिका दोन इलेक्ट्रोडांवर ठेवून अत्यल्प तापमानात तिचे पुंज वर्तन दाखविले. तथापि आरंभीच्या मोजमापांत रोध अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक येत असे. दोष नलिकेचा नसून जोडांचा होता. 2003 मध्ये स्टॅनफर्ड येथील गटाने पॅलेडियम धातूचे जोड वापरून अर्धवाहक नलिकांची वाहकताही कमाल मर्यादेच्या जवळ नेली. लँडाउअर यांच्या विचाराचे महत्त्व अशा रीतीने प्रयोगशाळेच्या व्यवहारातही प्रत्ययास आले.

महाराष्ट्रातील तीन प्रवाह :

पहिला प्रवाह द्रव्यनिर्मितीचा. मुंबई आयआयटीतील रसायनशास्त्रज्ञ महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूर या नैसर्गिक स्रोतापासून फुलरीन मिळविल्याचा निबंध 1994 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे कापराच्या वाफेचे उत्प्रेरकाच्या सान्निध्यात उच्च तापमानाला विघटन करून नॅनोनलिका बनविण्याचे कार्य विकसित झाले. 2003 मध्ये जपानच्या मेइजो विद्यापीठातील मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनीही कापरापासून एकभिंती व बहुभिंती नलिका मिळविल्या. अक्कलकोटच्या दृष्टीने विशेष म्हणजे, शेरॉन यांचे कार्य पुढे सोलापूरच्या वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्राशीही जोडले गेले.

दुसरा प्रवाह सिद्धान्ताचा. मुंबई आयआयटीतून पीएच.डी. मिळविलेले नरेंद्र कुमार पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे संचालक झाले. विस्कळीत रचनेच्या द्रव्यांतील पुंजवहन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पिएर मेलो यांच्यासह त्यांनी लिहिलेला सूक्ष्म संहतींमधील पुंजवहनावरील ग्रंथ 2004 मध्ये ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध झाला. नलिकांच्या जुडग्यावरून द्रव वाहिल्यास विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे दाखविणाऱ्या 2003 मधील शोधनिबंधात अजय सूद व शंकर घोष यांच्यासह तेही सहलेखक होते.

तिसरा प्रवाह मोजमापाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने नॅनोतारा व ग्राफीन यांतील विद्युत्‌वहनाचा अत्यल्प तापमानात अभ्यास केला. देशमुख यांना 2015 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

हे तीन प्रवाह बहुतांशी वेगवेगळे वाहिले. त्याचे कारण केवळ संस्थांमधील अंतरात शोधता येणार नाही. कापूर स्वस्त असला तरी भट्टीतून निघणारी काजळी अनेक प्रकारच्या नलिकांचे मिश्रण असते. पुंजवाहकता मोजावयाची तर त्यातील नेमकी एक नलिका निवडणे, तिला उत्तम जोड देणे आणि पुष्कळदा ती द्रव हेलियमच्या तापमानाला नेणे आवश्यक ठरते. अडसर कच्च्या मालाचा नव्हता. निवड, जोड आणि उपकरणे यांचा होता. केंद्र शासनाने 2007 मध्ये 1,000 कोटी रुपयांची नॅनो मिशन योजना सुरू केली, तिच्यामागे अशा साधनांची निकडही होती.

लहान महाविद्यालयांचे स्थान :

यावरून हा विषय मोठ्या संस्थांपुरताच आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. 1995 मध्ये माद्रिद येथील कोस्टा-क्रेमर व सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन धातूच्या तारा एकमेकींना हलकेच टेकलेल्या ठेवून टेबलावर टिचकी मारली असता तारा विलग होतात. विलग होता होता क्षणभर त्यांच्यात मोजक्या अणूंचा पूल उरतो. त्या क्षणार्धात ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर वाहकतेच्या पायऱ्या उमटतात. यासाठी द्रव हेलियम लागत नाही, निर्वात कक्ष लागत नाही. सोन्याची बारीक तार, एक रोधक, घटमाला आणि वेगवान ऑसिलोस्कोप एवढी सामग्री पुरते. सर्वच वेळा पायऱ्या स्वच्छ दिसत नाहीत. म्हणून शेकडो नोंदींचा आलेख काढावा लागतो. पण तेच विद्यार्थ्यांचे खरे शिक्षण होय.

निष्कर्ष :

1. सूक्ष्म तारांतील रोधाचा इतिहास हा मुख्यतः जोडांच्या आकलनाचा इतिहास आहे.

2. द्रव्यनिर्मिती, सिद्धान्त व मोजमाप या तिन्ही अंगांशी महाराष्ट्रातील संस्थांचा संबंध राहिला. परंतु त्यांची सांगड अपुरी राहिली.

3. स्वस्त कच्चा माल उपलब्ध असणे आणि त्यापासून विज्ञान घडणे यांत निवड व मोजमाप यांचे मोठे अंतर असते.

4. तारांच्या टिचकीचा प्रयोग पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकांत घेतल्यास, ज्या गावात कापराची काजळी रोज साचते त्या गावातील विद्यार्थ्यालाही 12,906 हा आकडा पुस्तकात वाचण्याऐवजी स्वतः मोजून पाहता येईल.