सिद्धतेला गेज कोण लावणार?

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर मास्तरांनी एक गंमत शोधून काढली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च. सात खेपांच्या आत प्रत्येक संख्या याच स्टेशनावर येते.

कशावरून? दहा-वीस संख्या करून पाहिल्या तर विश्वास बसतो, सिद्धता होत नाही. पण अशा संख्या आहेत अवघ्या ८९९१. संगणक त्या क्षणात तपासतो. एकही सुटली नाही, म्हणजे सिद्ध झाले. भोसरी-चाकणच्या मंडळींना हा फरक सांगायला नको. पेटीतले पाच नग काढून मोजणे वेगळे, नग न् नग तपासणे वेगळे.

प्रकरण मोठे झाले की मात्र पंचाईत होते. लगतच्या दोन प्रदेशांना एकच रंग येऊ न देता कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का, हे फ्रान्सिस गथ्रीने १८५२ मध्ये विचारले. १८७९ मध्ये केम्पने सिद्धता दिली. ती अकरा वर्षे चालली. १८९० मध्ये हीवूडने तिच्यातले भोक दाखवले. म्हणजे माणसांनी वाचून मान्य केलेलेही फसवे निघते. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत ॲपेल आणि हाकेन यांनी जवळजवळ दोन हजार प्रकार वेगळे काढून संगणकाकडून सुमारे १२०० तास तपासून घेतले. चार रंग पुरले, पण गणिती रुसले. हे वाचले कोणी? प्रोग्रॅममध्येच चूक असली तर?

आमचे अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. नगाला गेज लावायचा, पण गेजच झिजला तर? म्हणून गेजही ठरलेल्या मुदतीने तपासायला जातो. गणितात तोच मार्ग निघाला. सिद्धतेची प्रत्येक पायरी इतक्या काटेकोर भाषेत लिहायची, की ती मागच्या पायऱ्यांतून नियमाने निघते की नाही एवढेच एका छोट्या प्रोग्रॅमने पाहावे. शोधणारा कितीही अवाढव्य असो. तपासणारा इतका लहान, की माणसाला तो ओळीओळीने वाचता यावा. जॉर्ज गॉन्तिए यांनी २००५ मध्ये चार रंगांची सिद्धता 'कॉक' नावाच्या अशा तपासनिसाकडून पार करून घेतली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, पण गझल लिहिणाऱ्याला हे परके नाही. शेर सुचणे कठीण, मात्रा मोजणे सोपे. ते यंत्रानेही खुशाल करावे.

पुण्यात १९८१ साली टाटांचे टी.आर.डी.डी.सी. हे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथल्या मंडळींनी तर्काने तपासण्याची ही विद्या प्रोग्रॅमना लावली, गाडीत बसणाऱ्या प्रोग्रॅमनाही. आजच्या गाडीत ब्रेकपासून एअरबॅगपर्यंत छोटे संगणक आहेत. गाडी हजारो किलोमीटर पळवून पाहिली, तरी ते पेटीतले पाच नगच. इथे शक्यता ८९९१ नसतात, मोजता येऊ नयेत इतक्या असतात. एकेक तपासत न बसता तर्काने सगळ्यांना एकदम कवेत घ्यावे लागते. आणि आधी यंत्राला नेमके सांगावे लागते, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली पाहिजे. किती अंतरात? ओल्या रस्त्यावर? भरलेल्या गाडीने घाट उतरताना? हे प्रश्न यंत्र आपणहून विचारत नाही. ड्रॉइंगवरचे मापच चुकले असेल, तर गेज त्याच मापाचे नग पास करत राहतो.